भिंतीकडचं बाकडं

“लुगडं वर घे. अजून वर.”

डॉक्टर माझ्याशी बोलत होते, पण बघत होते पोरांकडे. पुण्याहून मोटारीतून त्यांच्याबरोबर आलेली डॉक्टरकीची पोरं. टेबलाभोवती कोंडाळं करून उभी. टेबलावर मी. पोटुशी. पाच महिने उलटून गेले होते.

डॉक्टरांच्या हातात लाकडी पट्टी होती. बोट लावायला नको म्हणून पट्टी. ती त्यांनी माझ्या मांडीवर टेकवली, मग पोटावर. मग पट्टीनंच माझा हात उलटा केला आणि तळहात दाखवला. अंगभर तांबूस डाग होते. खाजत नव्हते, दुखत नव्हते. नुसते होते.

“जात कुठली?”

मी सांगितली. ते पोरांना म्हणाले, “या वस्त्यांमध्ये हे फार.” मग मला विचारलं, “किती जणांकडे जातेस?”

मला वाटलं, कामाला. मी म्हणाले, “दोगांकडं. पाटलाकडं खुरपायला, वखारवाल्याकडं कांदं निवडायला.”

पोरं हसली. एक तर तोंडावर हात धरून मागं वळला. डॉक्टरही हसले. मी पण हसले थोडी. चारचौघं हसतात तर आपण हसावं, असं वाटलं. ते का हसले ते टेबलावरून उतरून लुगडं नेसता नेसता कळलं. तेव्हा निऱ्या तशाच खोचल्या आणि बाहेर आले.

मी निघोज्याची. सासर तिथलंच, नदीच्या अंगाला आमचा वाडा. वाडा म्हणजे वस्ती, गावाबाहेरची. नवरा लढाईच्या वेळी पलटणीत सामान वाहायला गेला होता. लढाई संपल्यावर परत आला, मग लग्न झालं. पुढं पिंपरीला औषधाचा कारखाना बांधायला काढला तेव्हा तो तिथं विटा-चुन्याच्या कामाला लागला. तिकडंच झोपडीत राहायचा, सुट्टीला घरी यायचा.

माझी दोन बाळंतपणं झाली. दोन्ही पोरं मेलेलीच जन्मली. दुसऱ्याची कातडी तर भाजल्यासारखी सुटत होती. सासूनं ते बघितलं आणि वाड्याला सांगितलं, “हिच्या पोटात इख हाय. लेकरं खाती ही.” तेव्हापासून कुणाच्या बारशाला मला कुणी बोलावलं नाही.

तिसऱ्यांदा दिवस गेले आणि अंगावर डाग आले. चाकणला कातडीच्या रोगांचा दवाखाना निघालाय, दर बाजारच्या दिवशी मोठे डॉक्टर येतात, असं कळलं. कांद्याची एक जुनी वखार होती, तिच्यात तो भरायचा. खरूज, नायटा, गजकर्ण, कोड, सगळी माणसं यायची. त्यांना मलम देऊन परत पाठवत. आमच्यासारख्या, ज्यांच्या रक्तात काही निघालं, त्यांना आत बसवून घेत आणि दर बाजारला यायला सांगत. तिथंच मला रोगाचं नाव कळलं. गर्मी. अंगसंगातून लागणारी.

आत दोन बाकडी होती. एक दाराकडं, एक भिंतीकडं. कोण कुठं बसायचं ते डॉक्टर ठरवायचे. दोन्ही बाकड्यांवर आम्ही सगळ्या सारख्याच, कुणी हमालाची, कुणी वीटभट्टीवरची, एक तमाशातली. खेडच्या एका वकिलाची बायको पण यायची. ती कुठल्याच बाकड्यावर बसली नाही. तिच्यासाठी कोपऱ्यात चादरीचा आडोसा केला होता. तिच्या तळहातावर माझ्यासारखेच डाग होते, मी येता-जाता बघितले होते. तिला डॉक्टर म्हणाले, “वहिनी, रक्तात उष्णता वाढलीय. होईल बरं.” तिला कुणी विचारलं नाही, किती जणांकडे जाता.

सुया सगळ्यांना मिळायच्या. पण दाराकडच्या बायांचे डाग गेले, जखमा वाळल्या. आमचं, भिंतीकडच्यांचं, होतं तसंच. माझ्या शेजारी म्हाळुंग्याची गजराबाई बसायची. विधवा, वयानं माझ्या आईएवढी. तिची नजर अधू होत चालली होती. ती म्हणायची, “नशीब गं बाई एकेकीचं.” मीही तेच म्हणायचे.

मग तो दिवस आला. मी टेबलावर कुशीवर पडले होते, सुईसाठी. चष्मा लावलेला एक विद्यार्थी सुई भरत होता. तो थांबला. डॉक्टरांना म्हणाला, “सर, ही गरोदर आहे. हिलाही नुसतं पाणीच द्यायचं?”

डॉक्टर म्हणाले, “भिंतीकडच्या सगळ्यांना तेच. मध्येच बदललं तर तुलना कशाशी करणार? हिची आधीची दोन गेलीत. तिसऱ्याचं काय होतं ते आपल्याला पहिल्यापासून बघायला मिळतंय. अशी केस पुन्हा मिळत नाही.”

मराठीत बोलले. माझ्या डोक्यापाशी उभं राहून. मला ऐकू जातंय, याचं त्यांना काहीच नव्हतं. गोठ्यात गाईसमोर माणूस बोलतो तसं.

मी उठून बसले.

“ह्या सुईत काय हाय?”

“औषध आहे. झोप.”

“पानी हाय. आत्ता तुमीच बोललात.”

चष्मेवाला खाली बघायला लागला. डॉक्टर चिडले नाहीत. लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, “तुला त्यातलं काय कळतंय? मोठा अभ्यास आहे हा. पुढं हजारो लोकांचं भलं होईल. आणि तुला सगळं फुकटच मिळतंय ना?”

“फुकट न्हाई,” मी म्हणाले. “मी नागडी झाले हितं.”

टेबलावरून उतरले. लुगडं सारखं केलं. भिंतीकडच्या बाकड्यापाशी गेले आणि सांगितलं, “आपल्याला पानी टोचत्यात. औषद त्या बाकड्याला हाय.” एक बाई म्हणाली, “गप बस गं, हे बी बंद करतील.” दुसरीनं पदर तोंडावर घेतला. फक्त गजराबाई चाचपडत उठली. “मला हात दे,” म्हणाली. आम्ही दोघी बाहेर पडलो. मागून डॉक्टर बोलले ते ऐकू आलं. “जाऊ द्या. जातील कुठं? येतील मुकाट्यानं.”

ते मला टोचत राहिलं. जातील कुठं. खरंच, जाणार कुठं? घरी येऊन कशात जीव लागेना. भाकरी थापायला बसले की उठायचे, पाण्याला निघाले की अर्ध्या वाटेतून परत फिरायचे. पोटात पोर हललं की हात लावून बसायचे. हे जिवंत आहे, आणि एक माणूस ते मरायची वाट बघतोय. आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळायची. डॉक्टर एवढे निर्धास्त कशाच्या जिवावर? हळूहळू उमगलं. आम्ही बोलणार नाही, याच्या जिवावर. रोगच असा. कुणाला सांगायची सोय नाही. आमची लाज त्यांच्या दाराची कडी झाली होती.

सुट्टीला नवरा आला. सासू चुलीपाशी होती. मी तिच्यादेखत विचारलं, “पलटनीत तुमाला ह्यो रोग झाला व्हता का?”

तो तंबाखू मळत होता, ते थांबलं.

“व्हय का न्हाई?”

“व्हय,” म्हणाला. “थितं सुया दिल्या व्हत्या. मदीच आमाला हलवलं. मला वाटलं, गेला आसंल.”

“दुसरं पोर गेलं तवा तुमची आई म्हनाली, लेकरं खाती ही. तुमी हितंच बसला व्हता.”

“लाज वाटली.”

“तुमाला लाज वाटली, अन् लेकरं मी पुरली.”

सासू त्याच्याकडं बघत राहिली. त्या घरात पहिल्यांदा माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाची मान खाली गेलेली मी बघितली. मी त्याला सांगितलं, “तुमी बी सुई घ्याची. घेईस्तवर ह्या घरात माज्याजवळ याचं न्हाई.” तो रडला. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. पण शब्द मागं घेतला नाही.

पुढच्या बाजारला मी चाकणला गेले. वखारीत गेले नाही. वखारीच्या दारात, बाजार भरतो त्या अंगाला तोंड करून उभी राहिले. कांद्याच्या पाट्या, कोंबड्या, बांगड्यावाले, गाड्या. ओळखीची किती तरी माणसं. तोंड उघडलं तर आवाजच निघेना. गजराबाई शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट धरलं होतं.

मग मी ओरडले. “मला गर्मी झालीया!”

बाजार थांबला म्हणायला हरकत नाही. जवळचे तरी थांबले. बायांनी पदर तोंडाला लावले. एकजण थुंकला.

“नवऱ्याकडनं झालीया! दोन लेकरं गेली! आत सुया देत्यात, त्यात पानी हाय. औषद आसून देत न्हाईत. माजं तिसरं मरतं कसं, ते त्यास्नी बघायचं हाय!”

एकदा आवाज फुटला तो थांबेना. तेच तेच ओरडत राहिले. लोक जमले. सगळे माझ्या बाजूचे नव्हते. “बाजारबसवी दिसतीया,” एक म्हणाला, ते मी ऐकलं. पण कोपऱ्यावरचा सायकलदुरुस्तीवाला चाचा हात पुसत पुढं आला आणि वखारीच्या दारातून आत बघून म्हणाला, “डॉक्टरसाब, बाहेर येऊन सांगा ना. बाई खोटं बोलते का?” त्याच्यामागून आणखी चारजण तेच म्हणायला लागले.

डॉक्टर बाहेर आले. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडं बघून बोलले. “ओरडू नका. आत या. तुम्हाला देतो.”

‘तू’चं ‘तुम्ही’ झालं होतं.

“मला एकलीला न्हाई. त्या बाकड्याला समद्यांना. अन् बाटली माज्यासमोर फोडायची. अन् आडोसा लावायचा, वकिलीनबाईला लावता तसा.”

त्या दिवशी भिंतीकडच्या सगळ्यांना औषध मिळालं. चष्मेवाल्यानं बाटली दाखवली, आत पांढरी भुकटी होती. त्यानं ती पाण्यात हलवली आणि म्हणाला, “हे खरं आहे, बाई.” मी त्याचे उपकार मानले नाहीत. विचारायला त्याला इतके दिवस लागले होते.

मुलगी झाली. जिवंत. रडली तेव्हा सासू आधी बाहेर पळाली आणि मग आत आली. नवऱ्यानं सुया घेतल्या, पुऱ्या घेतल्या. पण म्हणून सगळं चांगलं झालं, असं नाही. गजराबाईचे डोळे गेले ते गेलेच. वेळेवर औषध मिळालं असतं तर वाचले असते, हे तिला डॉक्टरांनीच सांगितलं, अगदी शांतपणे. दवाखाना पुढं दुसऱ्या गावाला हलला. तिथं बाकडी कशी मांडतात, कोण जाणे. मला बाजारात अजून ‘गर्मीवाली’ म्हणतात. दिराला दोन स्थळं सांगून आली आणि माझ्या नावानं परत गेली. वखारवाल्याकडचं कांदं निवडायचं काम सुटलं. माझ्या हातचं पाणी आमचीसुद्धा माणसं घेत नव्हती कितीतरी दिवस.

मुलगी वर्षाची असताना डॉक्टरांनी माणूस पाठवला. पोरीला घेऊन पुण्याला या, मोठ्या डॉक्टरांपुढं दाखवायची आहे, मोटार पाठवतो. मी विचारलं, “तिला काय झालंय का?” तो म्हणाला, “नाही, नुसतं बघायचंय.” मी म्हणाले, “नुसतं बघायला माजी पोर न्हाई,” आणि दार लावून घेतलं.

आता ती बोलायला लागली आहे. दिसेल ते विचारते. परवा वाड्यातल्या पोरांकडून शब्द ऐकून आली. “आये, गर्मी म्हंजी काय?” सासू म्हणाली, “लहान हाय, काईतरी सांग दुसरं.”

मी दुसरं काही सांगितलं नाही. मांडीवर घेतलं आणि तिला कळेल तसं सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं. तो आपल्या घरात कसा आला ते सांगितलं. तुझ्या आधी दोन जण होते, हे सांगितलं. औषध होतं आणि दिलं नाही, हेही सांगितलं. तिला फारसं कळलं नसेल. मी पुन्हा सांगेन. मोठी होईल तसतसं जास्त सांगेन, नवऱ्यासमोर सांगेन, वाड्यासमोर सांगेन.

आणि तिला कुणी म्हणालं, डॉक्टरांनी तुला वाचवलं, त्यांच्या पाया पड, तर तिनं पडायचं नाही. एवढं तिच्याकडून मी घोकून घेणार आहे.