अर्ध्या कोयत्याची हौसामावशी

हौसामावशीला वाचता येत नव्हतं. तरी पहिल्याच भेटीत तिने सभासदांची वही माझ्या हातातून काढून घेतली, पानं चाळली आणि विचारलं, "मास्तर, मानसं येवढी आन् अंगठे निम्मेच? बाया काय कारखाना बघाया आल्यात व्हय?" मी काही मास्तर नव्हतो. युनियनचं काम करायला नगरहून आलेला, स्वतःला फार शहाणा समजणारा कार्यकर्ता होतो. पण चष्मा लावणारा प्रत्येक माणूस तिच्या लेखी मास्तरच.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. पाथर्डीकडची माणसं दसरा झाला की बैलगाड्या जुंपून कालव्याच्या पट्ट्यात ऊस तोडायला येत आणि ऊन तापलं की परतत. नवरा ऊस तोडणार, बायको मोळ्या बांधणार. दोघांना मिळून म्हणायचं एक कोयता. गावाकडून टोळी आणणारा मुकादम कोयते मोजायचा, कारखाना कोयते मोजायचा आणि माणसांची संघटना बांधायला निघालेल्या मीही कोयतेच मोजले. एका कोयत्याला एक अंगठा, तोही नवऱ्याचा. "बायकांचं नंतर बघू, मावशी," मी म्हणालो. "बघा की. मोळ्या बी नंतरच बांधू मंग," ती म्हणाली.

जीभ अशी, पण तिच्या कोपीवरून, म्हणजे पाचटाच्या खोपटावरून, कुणी उपाशी गेलेलं मी पाहिलं नाही. बाजरीची भाकरी आणि वर ठेचा. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं की ती खूश व्हायची. "रडून घ्या, मास्तर. युनियनवाल्याला सवय पायजे."

पौषात चंद्रा नावाची तरणी पोर कोपीतच बाळंत झाली. मोळी बांधणारी आडवी पडली की कोयता मोडला असं धरायचं आणि जोडप्याला घरी धाडायचं, ही मुकादमांची जुनी रीत. थंडी मरणाची, गाव दोन दिवसांच्या वाटेवर आणि बाळ चार दिवसांचं. मावशीने गवगवा केला नाही. उसाच्या फडातल्या प्रत्येक बाईने चंद्राच्या नवऱ्याने तोडलेल्या उसाच्या थोड्या थोड्या मोळ्या बांधायच्या, एवढं ठरवून टाकलं. आठवडाभर चाललंही. मग मुकादमाला कळलं आणि त्याने फर्मान काढलं, "दुसऱ्याची मोळी कुनी बांधायची न्हाई. उद्या त्या दोघांना गाडीत घाला."

दुसऱ्या दिवशी एकही बाई फडात उतरली नाही. पुरुष तोडत राहिले आणि ऊस सुटाच पडत राहिला. दुपारपर्यंत रिकाम्या गाड्यांची रांग लागली, तेव्हा पुरुषांनीही कोयते खाली ठेवले.

कारखान्याच्या साहेबाने बोलावलं. मी मावशीला घेऊन गेलो. साहेबाने माझी वही मागितली, शांतपणे पानं उलटली आणि म्हणाला, "मी तुमच्या सभासदांशी बोलेन. हिचं नाव यात कुठे आहे?" धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मावशी मात्र पदर खोचून पुढे झाली. "साहेब, मी अर्धा कोयता हाय, म्हनून वहीत न्हाई. पर फडात सुटा ऊस पडलाय न्हवं, ती आमची सही समजा."

कारखान्याच्या गव्हाणीत गाळपासाठी टाकायचा ऊस संपत आला होता. साहेबाने मुकादमाला निरोप धाडला आणि चंद्रा राहिली. त्याच संध्याकाळी मी बायकांचे अंगठे घेतले. मावशीने आपला इतका दाबला की मागच्या पानावरही उमटला.

पुढच्या दसऱ्यानंतर गाड्या आल्या. चंद्रा आली, तिचं पोर रांगत होतं. मावशीची गाडी मात्र आली नाही. मुकादम हसून म्हणाला, "मी कुटं काढलं तिला? हंगाम सरला, काम सरलं. यंदा बोलावलं न्हाई, येवढंच." मी अर्ज लिहायला बसलो, पण लिहिणार काय? हंगामी माणसाला कुणी काढत नाही, फक्त बोलावत नाही. फार संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

माफी मागायलाच तिच्या गावी गेलो. ती सडकेवर खडी फोडत होती. मला पाहताच तिने विचारलं, "चंद्री आली का?"

"आली. पण तुला आम्ही कामावर ठेवू शकलो नाही, मावशी."

"ते बघू. आदी भाकर खा."

मुकादमाच्या उरलेल्या निम्म्या गाड्या अजून गावाकडेच होत्या, त्या दिवाळीनंतर निघायच्या होत्या. जेवण झाल्यावर मावशी मला वस्त्यावस्त्यांवर घेऊन हिंडली. घराघरात तिचं एकच बोलणं, "सगळे न्हाई तर कुनीच न्हाई." निघायच्या दिवशी गाड्या भरल्या, पण बैल कुणी जुंपेना. उन्हं वर आली, तेव्हा गाड्या न्यायला आलेला मुकादम स्वतः चालत मावशीच्या दारात आला आणि खाली बघून म्हणाला, "चला, हौसाबाई."

ती सामान बांधत होती. मी म्हणालो, "मावशी, हे मला कसं सुचलं नाही गं?"

गाठ मारता मारता ती म्हणाली, "तुमी युनियन बांधली कारखान्यावर, मास्तर. तितं आमी हंगामी. हितं तर कायमच्या हाय न्हवं?"