रुसलेली पाटी

तिला सगळे तंद्री म्हणत, अगदी सासूबाईसुद्धा. कपातली साखर ढवळता ढवळता ती खिडकीबाहेरच्या ढगाबरोबर निघून जाई आणि चहा पार निवला की परत येई. तिचं काम ड्रायव्हर लिहिण्याचं, म्हणजे नव्याने जोडलेल्या उपकरणाची संगणकाशी ओळख करून देणारा प्रोग्राम. वाचा गेलेल्यांसाठी तिच्या कंपनीने बटणांची पाटी काढली होती. बटण दाबलं की संगणकातला बोलका प्रोग्राम त्यावरचे शब्द बोले. पहिलीवहिली पाटी तिने घरी आणली. लकव्याने सासरेबुवांचा आवाज गेला होता.

पण कधीकधी पाटी जोडली तरी मुकीच राही. आता सासरेबुवा म्हणजे तरुणपणापासूनचे नामांकित रुसूबाई. ते बटणं दाबून थकत आणि सासूबाई मनाशी ठरवत, स्वारी रुसली. मग त्याही रुसत. दुपारभर दोन पाठी एकमेकींकडे. शेवटी सासरेबुवांनीच पाटी दूर सारली आणि हातानेच सांगितलं, ठेव कपाटात.

ऑफिसात पाटी एकदाही मुकी झाली नव्हती. तिथला संगणक म्हातारा, घरचा मात्र नवाकोरा, चपळ.

त्याच संध्याकाळी शेजारीण आली. बेलवरचं बोट निघायच्या आत दार उघडण्यात सासूबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. बिचारीची एक चप्पल पायात, एक हातात, केस अर्धे बांधलेले. "काय काम काढलंत?" सासूबाईंनी विचारलं. दार इतक्या झटकन उघडलं की कशाला आले तेच शेजारीण विसरली होती.

झालं, तंद्री लागली. तिला दिसलं, पाटी उंबऱ्यावर उभी आहे, बटणांची नावं अजून पिशवीतच, आणि तिचा ड्रायव्हर आधीच हाकारतोय, आली हो आली! बोलका प्रोग्राम धावत येऊन दार उघडतो, तर पाटीला स्वतःचं एक बटण आठवत नाही. म्हाताऱ्या संगणकावर तो पोचेपर्यंत पाटी सावरत असे. नव्यावर कधी ती आधी, कधी तो.

दुसऱ्या दिवशी तिने ड्रायव्हरमधली हाकारणारी ओळ उचलून पाटीच्या तयारीच्या पार शेवटी नेऊन ठेवली. मग पाटीची तयारी मुद्दाम रेंगाळवून पाहिली. प्रोग्राम मुकाट दाराआड थांबला.

घरी तिने पाटी कपाटातून काढून जोडली. सासूबाई पाठ करूनच बसल्या होत्या.

"आई, बाबा रुसले नव्हते. पाटी तयार व्हायच्या आत मीच तिला पुढे ढकलत होते."

सासूबाईंना काही पटेना. तेवढ्यात संगणक बोलला, "रुसलो नव्हतो."

"आणि माझी बहीण आली होती तेव्हा गप्प बसलात ते?" सासूबाईंनी विचारलं.

सासरेबुवांचं बोट पुन्हा पाटीवर उतरलं.

"तेव्हा रुसलो होतो."

सासूबाईंनी खुर्ची वळवली.