आवाज वाढव, भाऊ!

जळगावात आमचा छोटासा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. मी आणि पार्टनर पिंट्या. या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाईक चपला बाहेर काढतं आणि किस्सा घेऊनच आत येतं. गाणं कुठलंही असो, मागणी एकच: "आवाज वाढव, भाऊ!"

सावद्याच्या एका डीजेवाल्याला मी मोठ्या हौसेनं वरातीचं गाणं करून दिलं. मध्ये नुसती बासरी, अगदी हळू, मग एकदम ढोल! दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "काय केलंस, भाऊ! बासरी आली अन् लोकांना वाटलं जनरेटर बंद पडलं. नवरदेव घोडीवरून उतरला ना!"

तेव्हापासून पिंट्या प्रत्येक गाण्यातलं हळू-मोठं सपाट करून टाकतो. म्हणतो, "गाणं भरितासारखं पाहिजे. सगळं घोटून एकजीव!"

"अरे, भरितातसुद्धा शेंगदाणा दाताखाली यावा लागतो!" मी खेकसतो. आमचं हे भांडण रोजचं.

असोद्याच्या एक अक्का हळदीची गाणी रेकॉर्ड करायला आल्या. तोंडातल्या तोंडात गात होत्या. म्हटलं, "अक्का, मोकळं गा की!"

"बाहेर सासरे बसलेत."

"या खोलीतून बाहेर काही ऐकू जात नाही."

"पक्कं?" असं म्हणून त्यांनी जी तान मारली, मी हेडफोनच काढून फेकला! बाहेर आलो तर सासरे विचारतात, "अजून सुरू नाही झालं का?"

आणि धुळ्याचे आबा. भर तरुणपणी स्वयंपाकघरात बसून स्वतः म्हटलेल्या भजनाची कॅसेट घेऊन आले. बायकोच्या वर्षश्राद्धाला तेच लावायचं होतं. म्हणाले, "तिले भलतं आवडे. पण तिना आवाज कोठेच रेकॉर्ड नही, भाऊ. गा म्हटलं की लाजे." मी कॅसेट लावली.

पिंट्यानं सवयीनं सगळं सपाट केलं. आबांचा खणखणीत आवाज दबला, तळाची खरखर वर आली. मी चिडून त्याला थांबवणार, तोच त्या खरखरीतून भांडी वाजली आणि पाठोपाठ एका बाईचं गुणगुणणं. आबांचीच ओळ, जरा मागून.

आबांनी माझा हात घट्ट धरला. "हाई तीच शे!"

पिंट्या डोळे पुसत म्हणाला, "आबा, आवाज वाढवू?"

"तिना वाढव," आबा म्हणाले. "मना आवाज कमी कर."