एक सिएरा आणि तिघे धनी

माझ्या भाचीचं नाव तीन माणसांनी तीन वेगवेगळ्या गोष्टींवरून ठेवलं आहे, आणि ते एकच नाव आहे. हे माझ्यामुळे झालं.

आधी एक सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा इस्लामपूरचे सुतार. आडनावानं आणि कामानंही. मामानं स्पॉन्सर केलं म्हणून आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला आलो, तेव्हा मी शाळेत होते आणि दादाची बारावी नुकतीच झाली होती. दोघांचं कॉलेज जमणार नाही हे दिसत होतं. दादा म्हणाला, "वैशी हुशार आहे, तिला शिकू दे. मला तशाही गाड्या आवडतात." आधी तो एका गोदामात लागला आणि मग ट्रकवर. आपल्याकडचा ट्रक नव्हे, अठरा चाकांचा, ज्याच्या मागं उभं राहिलं की पुढचं ऊन दिसत नाही असा.

त्यामुळे घरात मी म्हणजे सर्वज्ञ. टॅक्सचं पत्र आलं, वैशीला विचारा. टोमॅटोच्या रोपाला कीड लागली, वैशीला विचारा. आईच्या गुडघ्यातून आवाज येतो, वैशीला विचारा, ती शिकलेली आहे. (मी कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मला अजून तिथलं पार्किंगही नीट सापडत नव्हतं!)

२००४ साली वहिनीला मुलगी झाली. हॉस्पिटलातून ती 'बेबी गर्ल सुतार' म्हणूनच घरी आली, कारण बारशाआधी नाव ठेवायचं नाही असं आईनं बजावलं होतं. एक दिवस दादानं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"वैशे, आत्या तू. कानात नाव तूच सांगणार. होय ना?"

"हो."

"मग सिएरा सांगायचं."

"सिएरा?"

"आपल्या घराजवळनं ऐंशी नंबरचा हायवे जातो ना, तोच धरून सरळ जात राहायचं. सगळं सपाट, सगळं एकसारखं, पार कंटाळा येतो. आणि मग एकदम समोर सिएरा. बर्फाचे डोंगर. पहिल्यांदा बघितले तेव्हा ट्रक बाजूला लावून नुसता बसून राहिलो गं. वाटलं, हे आपल्या माणसाला दाखवायला पाहिजे." दादा एवढं सलग कधी बोलत नाही. मग खाली बघून म्हणाला, "मी आजवर तुझ्याकडं काही मागितलंय का?"

नव्हतं मागितलं. तीच तर पंचाईत होती!

मी त्याला शब्द दिला. चार दिवसांनी रात्रीच्या जेवणाला त्यानं नाव जाहीर केलं आणि बाबांचा घास हातातच राहिला.

"सिएरा? त्या सिएराचं नाव? माझ्या नातीला?"

मिस्टर सिएरा म्हणजे बाबा जिथे स्वयंपाकघरातली कपाटं बनवतात त्या वर्कशॉपचे फोरमन. क्यूबाचे. मोठं पोट, मोठा आवाज, आणि कमरेला मोजपट्टी. बाबांनी मापून कापलेली प्रत्येक फळी ते पुन्हा मापतात. माप बरोबर निघालं की नाराज होतात आणि तिसऱ्यांदा मापतात. वर बाबांना 'सूटर' म्हणून हाक मारतात, तीही वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकावरून.

"दिवसभर त्याचं तोंड बघतो मी. आता घरी येऊन म्हणू, सिएरा दूध पी? सिएरा, बाळ, रडू नको?"

"बाबा, त्याचा काय संबंध? वैशे, सांग की यांना. तू शिकलीयेस."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. योगायोग असा की त्या सत्रात मी स्पॅनिश घेतलं होतं, आणि बाईंनी काम दिलं होतं की एक शब्द घ्या आणि तो कुठून कुठे गेला ते शोधा. दादासाठी म्हणून मी हाच शब्द घेतला होता. मला वाटलं, देवच धावून आला. मी खुर्ची मागे सारून उभी राहिले. (बसून सांगता आलं असतं. पण वर्गात उभं राहून सांगायचं असतं.)

"या शब्दाचा मूळ अर्थ," मी म्हणाले, "करवत."

इथेच थांबायला हवं होतं, किंवा इथून सुरुवातच करायला नको होती. पण मी प्रामाणिकपणे पुढे निघाले. स्पेनमधल्या डोंगरांचे सुळके करवतीच्या दात्यांसारखे दिसले म्हणून तिथल्या लोकांनी डोंगररांगेलाच सिएरा म्हणायला सुरुवात केली. मग ते लोक बोटीत बसून इकडे आले. मेक्सिकोत दातेरी डोंगर दिसला, सिएरा. कॅलिफोर्नियात दिसला, सिएरा. मग डोंगराच्या पायथ्याच्या गावांना तेच नाव, गावांतल्या रस्त्यांना तेच, तिथल्या माणसांना आडनाव म्हणून तेच. मग एका पिकअप ट्रकला. आणि आता मुलींना. माझ्या वर्गात दोन सिएरा होत्या आणि दोघींनीही न्यू जर्सीबाहेरचा डोंगर पाहिलेला नव्हता.

मी बसले.

"करवत?" आई म्हणाली. "पोरीचं नाव करवत?"

"वैशे, डोंगर सांग, डोंगर!" दादा दबक्या आवाजात ओरडला.

"डोंगर नंतर आला, दादा. आधी करवत."

"हिची जीभ कशी चालेल पुढं, त्याचा विचार केलाय का कुणी?" आई म्हणाली. वहिनीनं बाळाला उचललं आणि ती आत निघून गेली. मी दादाकडे पाहायचं टाळलं. त्यानं आयुष्यात एक गोष्ट मागितली होती आणि मी तिचे पुराव्यासकट तुकडे केले होते.

तेवढ्यात बाबा हळूच म्हणाले, "करवत."

आमच्या घरात एक जुनी करवत आहे. पणजोबांची. इस्लामपूरहून येताना बाबांनी कपडे कमी केले पण ती आईच्या लुगड्यात गुंडाळून आणली. दर दसऱ्याला ती पाटावर बसते, तिला हळदकुंकू लागतं, झेंडूची फुलं मिळतात, आणि त्या दिवशी घरात कुणी तिच्याकडे पाय करून बसलं तर बाबा ओरडतात.

"मग असं सांगायचं की आधी!" बाबांचा चेहरा उजळला. "करवत म्हणजे घरची लक्ष्मी. चार पिढ्या जेवलो आपण तिच्यावर. ठेवा, ठेवा. सिएराच ठेवा."

नाव वाचलं, डोंगर गेला. दादा पुन्हा जेवायला लागला. मला वाटतं, अर्धं तरी मिळालं असा हिशेब त्यानं केला असावा. मी त्या वेळी गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण अभ्यास अर्धवट सोडायची मला सवय नव्हती.

"आणि बाबा, मिस्टर सिएरांचे पूर्वजसुद्धा अशाच डोंगराजवळचे असणार. म्हणजे अर्थानं बघितलं तर ते करवत आणि आपण सुतार, एका परीनं..."

"एका परीनं काय?" बाबांचा आवाज बदलला. "भाऊबंद? तो माझा भाऊबंद?"

"वैशे, तू जेव," दादा म्हणाला.

पाळणा बाबांनी स्वतः केला, वर्कशॉपमध्येच, काम सुटल्यावर. त्यासाठी मिस्टर सिएरांची परवानगी लागली. ती त्यांनी दिली आणि मग रोज येऊन पाळणा मापला! तो तयार झाला तेव्हा आमच्या गाडीत मावेना. मिस्टर सिएरा म्हणाले, माझ्या पिकअपमधून आणतो. पाळणा घेऊन येणाऱ्या माणसाला दारातून परत कसं पाठवणार? आईनं त्यांना बारशाला बोलावलं. बाबा दिवसभर आईशी बोलले नाहीत.

बारसं आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाऊसमध्ये होतं. मिस्टर सिएरा टाय लावून आले. पहिल्या रांगेत बसले, घुगऱ्या खाल्ल्या, पुन्हा मागून खाल्ल्या, आणि सजवलेल्या पाळण्याची लांबी एकदा शेवटची मापून घेतली.

सगळी सूत्रं कुलकर्णी काकूंच्या हातात होती. काकू पुण्याच्या, काका इथले जुने डॉक्टर, आता निवृत्त. पार्सिपनीतलं एकही बारसं काकूंशिवाय झालेलं नाही. पाळणा म्हणून झाला आणि काकूंनी मला पुढे ढकललं.

"चला आत्याबाई! कानात कुर्र करा आणि नाव सांगा!"

आत्या वाकली की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे ही रीत. हलके घालायचे असतात. काकूंना यातला पहिला भाग तेवढा ठाऊक होता.

मी वाकले. "कुर्रर्र..." म्हटलं, आणि पाठीत असा धपाटा बसला की तोंडातलं नाव परत पोटात गेलं. मी पुन्हा "कुर्रर्र" म्हटलं. पुन्हा धपाटा! मागून बायका हसतायत, काकू म्हणतायत, "अगं, नाव सांग, नाव!" आणि मी प्रत्येक वेळी सुरुवातीपासून सुरू करतेय, कारण अर्ध्यावरून सुरू केलं तर ते शास्त्राला चालतं का हे मला माहीत नव्हतं. बाळ टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतं. शेवटी मला श्वासच उरला नाही आणि मी सरळ उभी राहिले.

"आता मोठ्यानं सांग सगळ्यांना!" काकू म्हणाल्या.

"सिएरा!"

टाळ्या झाल्या. आणि टाळ्या थांबल्यावर एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मिस्टर सिएरा उभे होते. एक हात टायवर. "माय नेम?" ते म्हणाले. आयुष्यात इतक्या हळू बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य असेल. "सूटर, यू गिव्ह हर माय नेम?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे सगळं तयार होतं. स्पेन, मेक्सिको, पिकअप. "ॲक्च्युअली, सर..."

पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "नो किड्स," ते बाबांना म्हणाले. "मी, माय ब्रदर, नो किड्स. दिस नेम, इट फिनिशेस विथ मी. अँड यू..."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. बाबांचं इंग्रजी एरवी 'ओके' पाशी सुरू होतं आणि 'ओके' पाशीच संपतं. त्या दिवशी ते म्हणाले, "यस. फॉर यू."

मिस्टर सिएरांनी बाबांना मिठी मारली. बाबांचे पाय जमिनीवरून सुटले. कुलकर्णी काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "किती मोठं मन हो तुमचं, सुतार! आपल्या साहेबाचं नाव नातीला!" सगळा हॉल पुन्हा टाळ्या वाजवायला लागला.

दादा पेढ्यांचा डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "वैशे," तो म्हणाला, "माझा डोंगर?"

"आहे, दादा," मी म्हणाले. "आत आहे. खालच्या अर्थात."

आणि त्या मिठीतून, मिस्टर सिएरांच्या खांद्यावरून, बाबांचा आवाज आला, "आणि करवत?"

मी दादाच्या डब्यातला पेढा तोंडात टाकला.

त्यानंतर मिस्टर सिएरा दर रविवारी पेरूच्या जेलीचे पाव घेऊन आमच्याकडे यायला लागले. बाळाची उंची ते मोजपट्टीनं घेतात. वर्कशॉपमध्ये अजून तसेच ओरडतात, फक्त 'सूटर' ऐवजी आता 'कोंपाद्रे' म्हणून.

"वैशे, कोंपाद्रे म्हणजे काय गं?" बाबांनी एकदा विचारलं.

कोंपाद्रे म्हणजे दुसऱ्याच्या लेकरामुळे जोडला गेलेला, घरचाच माणूस. भाऊबंदाहूनही जवळचा.

"वर्गात हा शब्द झाला नाही, बाबा," मी म्हणाले. "अजून शिकवलं नाही."

"एवढं कॉलेज, आणि एवढं येत नाही?"

माझ्या त्या शब्दाच्या अभ्यासाला बाईंनी बरे मार्क दिले आणि खाली शेरा लिहिला की विषयाशी लेखिकेचं स्वतःचं काही नातं दिसत नाही. मी तो शेरा घरी कुणाला दाखवला नाही.

खरं संकट पुढेच होतं. काही महिन्यांनी लक्षात आलं की बाळ 'सिएरा' या नावाला वळूनच बघत नाही. बाबांनी करवतीसमोर नेऊन हाक मारली, नाही. मिस्टर सिएरांनी वर्कशॉपच्या आवाजात मारली, बाळ दचकलं, पण वळलं नाही. आई म्हणाली, "बघा, तिला मान्यच नाही," आणि ती तिला ठमी म्हणायला लागली. ठमीलाही बाळ वळेना.

मग एका दुपारी दादाचा फोन आला.

"वैशे, मी डोंगरापाशी आहे. रेस्ट एरियात गाडी लावलीय. अगदी समोर दिसतोय. तिच्या कानाला फोन लाव."

मी लावला. फोनमधून वाऱ्याचा आवाज आला आणि दादाचा, जरा भरून आलेला. "सिएरा! ए सिएरा! हा बघ तुझा डोंगर!"

बाळ स्वतःच्या पायाचा अंगठा बघत होतं.

"वळली का?" दादानं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. बाबांना जमलं होतं. मला कॉलेज शिकूनही जमेना. मला पाळण्यावर वाकलेली मी आठवले, आणि काकूंचे धपाटे.

"दादा," मी म्हणाले, "एकदा कुर्र म्हणून बघ."

"काय?"

"कुर्र."

"इथं माणसं आहेत गं! ट्रकवाले आहेत!"

"म्हण तर."

मग तिथे, कॅलिफोर्नियाच्या वेशीवर, बर्फाच्या डोंगरासमोर, अठरा चाकांच्या ट्रकशेजारी उभं राहून माझा मोठा भाऊ ओरडला, "कुर्रर्रर्र!"

बाळानं अंगठा सोडला. फोनकडे वळलं आणि खदखदून हसलं.

"हसली!" दादा तिकडून ओरडला. "वैशे, हसली का गं? डोंगराला हसली ना?"

"हो, दादा," मी म्हणाले. खोटं बोलायला तेव्हा शिकले.

बाकी मी एवढ्या देशांतून, एवढ्या गावांतून आणि आडनावांतून ज्याचा माग काढला तो शब्द बारशाला तिच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता. पोचला तो 'कुर्र' एवढाच, आणि त्याचा अर्थ मला स्पॅनिशमध्येही सांगता येत नाही आणि मराठीतही!