दांडीच्या अंगणातली द्राक्षवेल

हरेश्वर गेल्याचा फोन आला तेव्हा बोईसरच्या माझ्या कचेरीत सकाळची बैठक चालू होती. बातमी अनपेक्षित नव्हती. किडन्या निकामी झालेल्या होत्या, आणि डॉक्टरांनी घरच्यांना काय ते सांगून ठेवलं होतं.

बोईसरजवळच्या दांडी गावातल्या मच्छीमाराच्या या मुलानं उमेदीची वर्षं ऑस्ट्रियात, डॅन्यूब नदीवरच्या पर्यटक बोटींच्या भटारखान्यात काढली. बोट वाखाऊ खोऱ्यात थांबे. तिथल्या दगडी उतारांवरच्या द्राक्षांची पांढरी वाइन ताजी, किंचित तिखट. एका सुट्टीत त्यानं बाटली आणली. तळलेल्या बोंबलांबरोबर ती आम्हा मित्रांत फिरली.

“हरेशा, मिरी घातलीस काय रं यात?” एकानं विचारलं. “आमची ताडी बरी हाय!”

“तीच तर मजा हाय,” हरेश्वर म्हणाला, आणि उरलेली एकटाच सावकाश प्यायला.

पुढे आजारानं नोकरी सुटली. शेवटच्या फेरीत त्यानं ओल्या टॉवेलात गुंडाळून वेलीच्या दोन काड्या आणल्या. अंगणात लावल्या, त्यातली एक जगली. वाइन आता पथ्यात बसत नव्हती. त्याला या वेलीचा एक घोस बघायचा होता, एक मणी जिभेवर ठेवायचा होता. डायलिसिसहून आला की अंगणात बाजेवर पडून म्हणायचा, “पानं बघ, कशी टरारलीत.” पानं तळहाताहून मोठी झाली. फूल एकही नाही…

तो गेल्यावर मी वेलीचे फोटो नाशिकच्या एका बागायतदाराला दाखवले. त्यानं विचारलं, खत काय घालता? हरेश्वरच्या पत्नी मंजुळावहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, बोंबील धुतलेलं पाणी. माडाला घालतात तसं. त्याचा आजार वाढला तेव्हा, वेलीला लवकर फळ धरावं म्हणून, त्या ते दोन्ही वेळा घालू लागल्या. अख्ख्या गावालाच मासळीचा वास. बाजेवरच्या माणसाला त्या पाण्याचा वास वेगळा कळणं शक्य नव्हतं.

बागायतदार म्हणाला, या दमट हवेत फळाची आशा मुळातच थोडी, आणि इतकी पोसलेली वेल नुसता पाला काढते. तिला ताण द्यावा लागतो, म्हणजे काही काळ खत-पाणी तोडावं लागतं. मी वहिनींना एवढंच सांगितलं, की ते पाणी बंद करा.

“उपाशी ठेवू काय तिला? ह्यांच्या हातची हाय ती.” मग त्यांनी विचारलं, “पुढल्या वर्साला तरी लागतील ना, भाऊजी?”



पाणी अजून चालू आहे. वेल छपरावर चढली आहे. हरेश्वरच्या खोलीची एकुलती एक खिडकी पाल्यानं पुरती झाकली गेली आहे. तिथे आता भरदुपारीही दिवा लावावा लागतो.