पाय उचलले तरी

शिवणकाम करणाऱ्या मावशींची लेक एका डोंगराळ बेटावर छोटं विमान चालवायची. ती रोज कुठून जाते ते बघावं म्हणून मावशींनी तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर विमानाचा खेळ लावला, पायाखालची पेडल्ससुद्धा जोडली. खेळातल्या खिंडीत ढग आले. घाबरून मावशींनी दोन्ही पाय उचलले. शिलाई मशीन असतं तर जागच्या जागी थांबलं असतं. हे मेलं थेट डोंगरावर आदळलं! पडद्यावर आलं, ‘पुन्हा सुरू करा’.

"तिला कुठलं आलंय हे बटण!" म्हणत त्यांनी लेकीला फोन लावला. विचारायचं होतं भलतंच, तोंडातून निघालं, "जेवलीस का गं?"

लेक म्हणाली, "उतरले गं आई, सुखरूप."