पाठीमागची क्रेन

मच्छे गावातल्या फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, मला सेफ्टीची नोकरी मिळाली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, त्यामुळे काम मनापासून करायचो. तिथं ग्राइंडिंग करणाऱ्या एका आप्पांची मात्र रोज धास्ती वाटायची. त्यांचा एक कान जवळपास गेला होता, दुसराही चालला होता, तरी कानात घालायचे प्लग ते गळ्यातच लटकवत. काम करताना सारखे मान वळवून मागं बघत.

"आप्पा, प्लग घाला की," मी ओरडलो.

"घालतो. पर मागनं क्रेन आली तर सांगणार कोण?"

शेजारचा कामगार हसला. "तुमास्नी तसंबी कुटं ऐकू येतंय, आप्पा?"

आप्पा हसले नाहीत, पुन्हा कामाला वाकले. थोड्या वेळानं खरंच क्रेन लोखंड घेऊन त्यांच्या मागून आली. भोंगा वाजत होता, आप्पा वाकलेलेच. मी धावलो, पण त्याआधी शेजारच्यानं त्यांची कॉलर धरून त्यांना बाजूला ओढलं.

 मग शेजारच्यानं आपलं कामाचं टेबल फिरवून आप्पांच्या समोर लावलं.

"तुमच्या मागं मी बघतो. माझ्या मागं तुमी बघा."

आप्पांनी त्याच्याकडं नीट बघून घेतलं आणि आधी त्यातल्या त्यात चांगल्या कानात प्लग घातला.